ताईचं लक्ष

फुग्याला भोक आहे का हे बघायची नोकरी असते, असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत. डहाणूच्या एका फुग्यांच्या कारखान्यात मी आणि माझी थोरली बहीण तेच काम करायचो. भट्टीत वाळून आलेला फुगा नळीला लावायचा, हवा भरायची, ट्यूबलाइटसमोर फिरवायचा आणि बारीकसं भोक दिसलं की बाजूला टाकायचा. तलासरीकडच्या आमच्या घरी तांदळातला खडा ताईच्या हातून कधी सुटला नव्हता. या कामाला तिच्यासारखी बाई शोधून सापडली नसती.

मी दाराशी बसायचे, ती भट्टीच्या भिंतीला लागून. खिडक्या कायम बंद. वाऱ्याबरोबर धूळ येते आणि ओल्या रबराला चिकटते, असं शेठचं म्हणणं. दुपार झाली की ताईचं डोकं जड व्हायचं. सकाळी तिची एक चूक नसायची, पण जेवणानंतर भोकाचे फुगे तिच्या हातून सर्रास पुढे जायचे. एकच फुगा दोनदा भरायची. मी काही सांगत असले तर मध्येच विचारायची, काय म्हणालीस?

सुपरवायझर मराठीत ओरडायचा, लक्ष कुठंय. शेठ गुजरातीत, ध्यान क्यां छे. घरी आईचं वेगळंच, ही मोबाइल बघत जागते म्हणून. एक जण म्हणाला, लग्नाचे विचार चाललेत. शेवटी चष्मा करून आणला. चष्मेवाला म्हणाला, नंबर नसल्यात जमा आहे, तरी ताईनं तो मुकाट्यानं लावला. चुका थांबल्या नाहीत. मग तिला काढून टाकलं.

थोड्याच दिवसांनी भट्टी नीट तापेना म्हणून वापीहून मेकॅनिक आला. त्याच्या हातातलं विषारी वायू ओळखायचं मीटर ताईच्या खुर्चीपाशी पिपाणीसारखं वाजायला लागलं. भिंतीतला धुराचा पाइप तडकला होता. त्यानं समजावून सांगितलं, कोळसा अर्धवट जळला की हा वायू होतो. त्याला वास नाही, रंग नाही. थोडा थोडा अंगात गेला तर माणूस पडत नाही, नुसता मंदावतो, लक्ष टिकत नाही. शेठनं सगळं ऐकून घेतलं.

"पण मालाला काय होत नाय ना?" त्यानं विचारलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सगळ्यांसमोर म्हणाले, ताईला परत बोलवा, चूक पाइपची होती. शेठ म्हणाला, जागा भरली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर फाशीची जागासुद्धा भरलेली. नवा पाइप बसला. आता तिथं बसणाऱ्या मुलीच्या नजरेतून एक भोक सुटत नाही. शेठ तिचं उदाहरण देतो, बघा, हिला म्हणतात लक्ष. ते ऐकत मी अजून तिथंच काम करते, आणि रोज दात आवळून करते.

मेकॅनिक आला त्याच संध्याकाळी घरी येऊन मी ताईला सगळं शब्दन् शब्द सांगितलं. तो बिननंबराचा चष्मा लावून ती तांदूळ निवडत होती.

"असेल गं," ती म्हणाली. मग निवडलेलं ताट माझ्यापुढे सरकवलं. "एकदा तू बघून घे. माझं लक्ष नसतं."

मी बोटं फिरवून सगळं ताट बघितलं. एकही खडा नव्हता.