काठापासून खाली

आमच्या घरी नळ आला तेव्हा मी कॉलेजात होते. त्याआधी पाणी म्हणजे आईची मान. दिवसभर दुसऱ्याच्या वावरात निंदण करून ती यायची आणि चहासुद्धा न घेता दोन गुंड, म्हणजे घागरी, घेऊन विहिरीवर जायची. वडील मलकापूरच्या जिनिंगवर हमाल. घरी आले की भुवयांवर कापूस आणि छातीत खोकला. घर टिनाचं, एका खोलीचं. त्या खोलीतून दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. मी शिकले ती बरीचशी विहिरीच्या काठावर बसून, कारण तिथे नंबर लागेपर्यंत वेळच वेळ असायचा.

त्याच काठावर मी सुखदेवमामांना पहिल्यांदा नीट पाहिलं. ते विहिरीत दोर सोडत होते आणि विहिरीशी बोलत होते. "बोल वं माय, आज किती?" दोराच्या टोकाला दगड. हात-हात अंतरावर जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधलेल्या, दर पाचवी लाल. दगड पाण्याला लागला की मामा काठाशी दोर चिमटीत धरायचे आणि वर ओढताना चिंध्या मोजायचे.

मामा सख्खे नव्हते. आईच्या माहेरगावचे, म्हणून तिचे भाऊ, म्हणून माझे मामा. सातवी शिकलेले. वडनेर भोलजीजवळच्या आमच्या गावातल्या सहा विहिरींची पातळी नोंदवायचं काम त्यांच्याकडे होतं. कचेरीने टेप दिला होता. तो ते लावायचेच, पण दोरानंतर. म्हणायचे, "टेप कचेरीले समजते, दोर मले समजते."

त्यांचं एक वाक्य गावात सगळ्यांना पाठ होतं. "आधी काठ सांग, मंग आकडा सांग." बुद्धविहाराच्या ओट्यावर कोणी फुशारकी मारली, "माह्या पोराले पंचेचाळीस पडले!" की मामा विचारणार, "पन्नासपैकी का शंभरपैकी? काठ सांग ना बे!" कोणाचा ताप उतरला तरी ते विचारायचे, "कुठून उतरला?" लोक वैतागायचे. मीही वैतागायचे. मी बीएस्सी झाले तेव्हा ओट्यावर हारतुरे झाले, कोणी म्हणालं, पोरीनं नाव काढलं. मामा तेवढं म्हणाले, "तुह्या मायचा काठ अंगठा होता, संगे. तिथून मोजजो."

पुढे मला पदव्युत्तर शिक्षणाला पुण्याला जायचं होतं. विषय डेटा व्हिज्युअलायझेशन, म्हणजे आकडे लोकांच्या डोळ्यांना दिसतील असे मांडायचे. हे घरी सांगणं परीक्षेपेक्षा अवघड गेलं. वडील म्हणाले, "चित्रं काढाले दोन वरसं? शाळेत काढले ते कमी पडले का?" मामा बाजूला बसून सुपारी कातरत होते. "चित्रं नाई, जवाईबापू. माह्या वह्या मुक्या हायेत. पोरगी त्याईले तोंड देऊन राह्यली." मग घरी जाऊन त्यांनी सिमेंटच्या पोत्यात बांधलेल्या विहिरींच्या नोंदींच्या आठ वह्या आणून माझ्यापुढे ठेवल्या. मुलाखतीला बाकीच्यांनी लॅपटॉपवर सुंदर कामं आणली होती. मी ते पोतं सोडलं. प्रवेश मिळाला.

पुण्यातल्या दिवसांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. वर्गात 'मले' निघून गेलं की मागून हसू यायचं. मग मी दिवसभर 'मला' सांभाळायचे आणि खोलीवर येऊन मुकी बसायचे. तिथे मी कामाने दमले, आणि बोलण्याने त्याहून जास्त.

शेवटच्या प्रकल्पाला मामांच्या वह्या घेतल्या. चार महिने आकडे उतरवले. मोठा तक्ता केला: सहा विहिरी, सहा निळ्या रेघा, डावीकडून उजवीकडे डौलात चढणाऱ्या. सर म्हणाले, "अगदी स्वच्छ झालंय." परीक्षकांसमोर मांडायला तीन आठवडे होते, म्हणून मी तो तक्ता मामांना दाखवायला गावी नेला.

विहाराच्या भिंतीला खिळ्यांवर टांगला. बायका जमल्या. शेजारची काकू म्हणाली, "बाप्पा! पाणी चढून राह्यलं वं आपलं!" आई खूश झाली. "माह्या पोरीनं काढलं," म्हणाली. मामा उठले. चष्म्याचा दोरा कानामागे सारला, पुढे गेले, तक्ता खिळ्यांवरून काढला आणि उलटा करून पुन्हा टांगला. अक्षरं डोक्यावर उभी राहिली. वर्षं आता उजवीकडून सुरू होत होती, आणि रेघा त्यांच्याबरोबर खाली उतरत होत्या.

"इहीर उलटी टांगली होती तू," ते म्हणाले. "पाणी काठापासून खाली जाते, माय. वर कुठी जाते?"

मामांचे आकडे काठापासून पाण्यापर्यंतचे होते. आकडा वाढला की पाणी खोल गेलं. हे मला माहीत नव्हतं असं नाही, लहानपणापासून माहीत होतं. लाज त्याचीच वाटली. कॉम्प्युटरने शून्य खाली ठेवलं आणि मी ते तसंच राहू दिलं. आमच्या गावात शून्य काठावर असतं.

परत जाऊन सरांना सांगितलं. ते म्हणाले, "उलटा अक्ष? वाचणारा गोंधळतो. आहे त्यावर तू पास होशील. नवीन अर्धवट राहिलं तर वर्ष जाईल."

"कोणता वाचणारा, सर?" मी विचारलं.

आमच्या घरात वाया घालवायला एकही वर्ष नव्हतं. तरी मी सगळं मोडलं आणि नव्याने काढलं. वर काठाची एक जाड आडवी रेघ. तिच्यापासून खाली सोडलेले दोर, दर उन्हाळ्याचा एक, दर पाचव्या खुणेला लाल चिंधी. मांडणीच्या दिवशी सकाळी शेवटचा कागद छापून झाला. एका परीक्षकांनी विचारलं, "हे उलटं का?" मी म्हटलं, "उलटं नाही. काठापासून खाली आहे." दुसऱ्या बाई जवळ आल्या. काठाच्या रेघेवर त्यांनी बोट ठेवलं आणि शेवटच्या दोराबरोबर खाली नेत गेल्या. त्यांना वाकावं लागलं. "बाई गं," त्या एवढंच म्हणाल्या.

पुढे गावातल्या एका विहिरीत आपोआप मोजणारं यंत्र बसलं आणि मामांचं काम थांबलं. मामा थांबले नाहीत. "कचेरीनं मले सोडलं, मी इहिरीले काऊन सोडू?" तक्ता ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला तेव्हा त्यांनी त्यावरचा एकेक दोर बोटाने मोजला. मला वाटलं, आता शाबासकी मिळेल. ते म्हणाले, "तिसऱ्या इहिरीचा काठ मधात बांधून उंच केला होता. ते धरलं का?"

मी "हो" म्हटलं. धरलं नव्हतं.

गेल्या थंडीत मामा गेले. मी सकाळच्या गाडीने पोचले तेव्हा लोक विहारात बसले होते. आईने दोर माझ्या हातात दिला. एक लाल चिंधी नवी होती. पुण्याला परतल्यावर मी सगळ्यात आधी तक्त्यातली तिसरी विहीर दुरुस्त केली आणि तक्ता पुन्हा छापून पाठवला. तो लागला त्यानंतरच्या ग्रामसभेत पिण्याच्या विहिरीजवळ नवी बोअर पाडायची नाही असं ठरलं. दोघांनी तरीही पाडली. बाकीचे थांबले.

आता मी पुण्यात हेच काम करते, गावोगावचे आकडे भिंतीवर लावण्याजोगे करते. दमते. पण काठ सांगते: माझी आई अंगठा लावायची. मी पदव्युत्तर पदवी घेतली. गावच्या तक्त्यावर काठाच्या रेघेशी लिहिलं आहे, 'मोजणी: सुखदेवमामा'. त्याच्या खाली 'मांडणी: संगीता'.