गोल कोपऱ्यांची बैठक

आमच्या घरमालक काकांइतका हट्टी माणूस काशीत दुसरा झाला नसेल, आणि काशीत हट्टी माणसांचा कधी दुष्काळ नसतो. बँकेने माझी बदली इथे केली आणि मंगला गौरीच्या देवळाजवळ काकांच्या वरच्या मजल्यावर मी बिऱ्हाड थाटलं. तेव्हापासून त्यांचा हट्ट मी शिडी धरून पाहिलाय.

काकांच्या वडिलांनी स्वातंत्र्याआधी कधीतरी मुंबईत एका सिनेमागृहाचं दालन पाहिलं आणि परत येऊन घरची बैठक तशीच करून घेतली होती. भिंतींचे कोपरे गोल, रंग फिका हिरवा, मोझेकची फरशी, निकेलच्या दांड्यांच्या खुर्च्या आणि टेबल, दुधी काचेचे दिवे. पुढे तिथे यात्रेकरू उतरू लागले, चुन्याचे हात चढले, खुर्च्या माळ्यावर गेल्या, दिवे फुटले. काका निवृत्त होईपर्यंत कुणाला त्याचं काही वाटलं नाही. मग पुण्याच्या मुलाने आईवडिलांना कायमचं बोलावलं आणि काकू चटकन तयार झाल्या. "या घरात माझं असं आहे काय?" एवढंच त्या म्हणाल्या. काशी सोडायची म्हणजे काकांचा जीवच जायचा, आणि काकूंशिवाय राहायचं तर तो त्याआधीच गेला असता. विचार करकरून त्यांनी उपाय काढला. काकू नवरी होऊन आल्या तेव्हा बैठक जशी होती तशी दिवाळीच्या आत करायची, की त्यांचा पाय निघणार नाही.

झालं! माणूस हात धुऊन मागे लागला. स्वयंपाकघरातलं उलथणं घेऊन भिंत खरवडायला बसले आणि खालचा हिरवा दिसला तेव्हा गल्लीला पेढे वाटले. मिस्त्री बिचारा म्हणाला, "बाबूजी, कोना तो सीधा ही होता है." त्याला समोर बसवून काकांनी परातीची कड दाखवली. पुढेपुढे सरळ कोपरा त्यांना बघवेना, बर्फीचेसुद्धा आधी कोपरे कुरतडायचे. एका ओळखीच्या गृहस्थांना मणिकर्णिकेच्या घाटावर पोचवून आम्ही परतलो, तर त्यांच्याच दारात कडुनिंबाचा पाला चावता चावता काकांनी गेलेल्याच्या मुलाला हळूच विचारलं, "तुमच्या जिन्यातला तो दुधी दिवा लागतो का अजून?" मी मान खाली घातली. मुलाने तेराव्यानंतर दिवा आणून दिला, हे मात्र खरं.

धनत्रयोदशीला बैठक तयार झाली. काकांनी दिवे लावले आणि काकूंना हाक मारली. काकू आल्या आणि उंबऱ्याशीच थांबल्या.

"बघ, तू आलीस तेव्हा होती तश्शी," काका म्हणाले.

"हो, तशीच आहे," काकू म्हणाल्या. "मी तेव्हाही इथेच उभी असायचे, चहाचा ट्रे घेऊन. आत बस म्हणून मला कधी कुणी म्हटलं नाही."

काकांचा चेहरा मला पाहवेना. इतक्या वर्षांत ही गोष्ट त्यांच्या ध्यानातच आली नव्हती. पुरुषमंडळी बसायची, बायका दारातून द्यायच्या, घराघरांतली रीतच ती. काकूंचा हात धरून काकांनी त्यांना मधल्या मोठ्या खुर्चीत बसवलं आणि स्वयंपाकघरात गेले. बऱ्याच आदळआपटीनंतर ट्रे घेऊन आले, आणि उंबऱ्याबाहेर उभे राहिले. आत पाऊल टाकेनात. चहा निवत चालला. काकूंनी त्यांना चांगलं उभं ठेवलं आणि मग म्हणाल्या, "या आत."

पुणं राहिलं ते राहिलंच. दुसऱ्या दिवसापासून निकेलच्या टेबलावर मेथी निवडली जाऊ लागली, हिरव्या भिंतीला सूप टेकलं, खुर्चीच्या दांडीवर वाती वाळू लागल्या. त्या टेबलाला साधं फडकं लागलं तरी ओरडणारे काका दाराशी बसून शेंगा सोलायचे.

आता काका नाहीत. माझी बदली होऊनही वर्षं लोटली, पण काशीला गेलो की मी तिथे जातोच. परवा गेलो तेव्हा काकू त्याच खुर्चीत तांदूळ निवडत होत्या. उंबऱ्याशी माझी चाहूल लागताच वर न बघता म्हणाल्या, "या आत." मग मान वर केली, चष्मा सारखा केला आणि म्हणाल्या, "अरे, तू होय. ये, बस."