चांदण्यांची चौकट

माझा चष्मा लहानपणापासून जाड. शाळेत पोरं सोडावॉटरच्या बाटलीचं बूड म्हणायची आणि मी म्हणणाऱ्याच्या पाठीत धपाटा घालायची. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बाबांची गिरणी बंद पडली, मी महाल भागात कॉम्प्युटरचा क्लास लावला, तेव्हा शेजारीण आईला म्हणाली, काहून वं, पोरीचे उरलेसुरले डोळे घालवून राहिली? आईनं तिला चहासुद्धा विचारला नाही. घरात कुणाला तरी नोकरी लागायलाच हवी होती, आणि मी एकुलती एक.

क्लास भांड्यांच्या दुकानावरच्या माडीवर होता. मशीनला धूळ चालत नाही म्हणून चपला जिन्यातच काढायच्या. मशीन दोनच आणि पोरं ढीगभर, त्यामुळे सरांचा नियम असा, की आधी चौकटींच्या कागदावर स्क्रीन काढायचा, एका चौकटीत एक अक्षर, आणि त्यावर सरांची सही झाली तरच मशीनला हात लावायचा. म्हणजे जी गोष्ट काचेवर बघायची, ती पास-नापास व्हायची कागदावर. हे उलटं आहे असं कुणालाच वाटत नव्हतं.

तेवढ्यात धंतोलीतल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी दवाखान्यासाठी कॉम्प्युटर घेतला. पेशंटचं नाव, वय, गाव, तक्रार भरून घेणारा प्रोग्राम सरांनी करून द्यायचा होता, त्याचा स्क्रीन त्यांनी आम्हालाच काढायला दिला आणि काउंटरवर बसायला माणूसही आमच्याच क्लासमधून घेणार होते. ती जागा मला हवी होती. किती हवी होती ते सांगायची मला आजही लाज नाही. त्या दवाखान्यासमोरून जाताना माझी सायकल आपोआप हळू व्हायची.

मी काचेला नाक लावून वाचायची. काचेवरची वीज नाकाला झिणझिणायची. इतक्या जवळून एका वेळी तळहाताएवढाच तुकडा दिसतो. प्रश्न डावीकडे आणि उत्तराची जागा पार उजवीकडे असली की मधल्या काळोखात मी हरवलीच म्हणून समजा. म्हणून माझ्या कागदावर एका ओळीत एकच प्रश्न होता, त्याला चिकटून उत्तराची जागा, मग एक ओळ कोरी. सगळं डाव्या काठाला धरून. नखरा काही नाही.

सरांनी लाल पेन्सिल काढली. अर्धा स्क्रीन रिकामा सोडला म्हणाले, एवढी महागाची मशीन काय मैदान ठेवायला आणली का. दोन रकाने करायला लावले, वर क्लासचं नाव, खाली तारीख, आणि सगळ्याभोवती चांदण्यांची चौकट. आठच्या आकड्याच्या डोक्यावरचं ते चांदणीच्या खुणेचं बटण सरांच्या फार आवडीचं. मी म्हटलं, सर, मला यात काही सापडतच नाही. पोरं फिदीफिदी हसली.

"स्क्रीन डोळेवाल्यांसाठी असतो बाई," सर म्हणाले. "तुझ्यासाठी नाही."

मी चांदण्या काढल्या. दात-ओठ खात काढल्या. सही मिळाली, 'उत्तम' असा शेराही मिळाला. मग सही नसलेला माझा पहिला कागदसुद्धा गुपचूप मशीनवर चढवला आणि ती फ्लॉपी पर्समध्ये टाकली.

दवाखान्यात सर आम्हा दोघा-तिघांना घेऊन गेले आणि चांदण्यांचा स्क्रीन लावून दाखवला. डॉक्टर एकदम खूश. मग त्यांनी तोवर काउंटर सांभाळणाऱ्या सिस्टरला मशीनपुढे बसवलं. पन्नाशीची बाई, जवळचं दिसायची बोंब, आणि चष्मा घरी विसरलेली. तिनं नावाच्या जागी गाव भरलं, वयाच्या जागी काय भरलं देव जाणे. शेवटी हात मांडीवर ठेवून म्हणाली, "याच्यात मी कुठं आहो तेच समजून नाही राहिलं."

सवय होईल, सर म्हणाले. मी पुढे झाले आणि माझी फ्लॉपी घातली. सरांनी माझ्याकडे कसं बघितलं ते मला दिसलं नाही. डोळे अधू असल्याचं आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं.

सिस्टरनं एक पेशंट भरला, मग दुसरा, कुणाला काही न विचारता. डॉक्टर म्हणाले, हाच ठेवा. सरांनी लगेच मान डोलावली, दोन्ही आमच्या क्लासचेच म्हणाले. खोटं तरी काय होतं त्यात.

निघताना डॉक्टरांनी मला एकटीला थांबवलं. मला वाटलं, झालं काम. त्यांनी मला मशीनपुढे बसवलं आणि एक पेशंट भरायला सांगितलं. मी नेहमीसारखं काचेला नाक लावलं आणि भरला. एक चूक नाही. डॉक्टर अगदी मायेनं बोलले. ती मायाच मला जास्त झोंबली.

"बेटा, काम फर्स्टक्लास आहे तुझं. पण हा डोळ्यांचा दवाखाना आहे. माणूस दारातून आत येईल आणि पहिली तूच दिसशील, अशी. तो काय समजेल?"

'अशी' म्हणताना त्यांनी माझ्या चष्म्याकडे बोटसुद्धा केलं नाही. गरजच नव्हती.

"समजेल, की इथं माझ्यासारखीलेही काम भेटते," मी म्हटलं.

ते हसले आणि त्यांनी माझ्यासाठी दार उघडून धरलं. घरी मी एवढंच सांगितलं, की जागा भरली.

पुढे बाबांना मोतीबिंदू झाला. दुसरीकडे दाखवू म्हटलं तर ऐकेनात. त्याच डॉक्टरांचा हात चांगला आहे म्हणे. असेलही. काउंटरवर एक तरुण मुलगी होती, टपोऱ्या डोळ्यांची, बिनचष्म्याची. स्क्रीनवरची नजर न हलवता तिनं बाबांचं नाव विचारलं. मग वय. मग गाव. माझ्याच क्रमानं. तिनं चौथा प्रश्न विचारायच्या आतच मी तक्रार सांगून टाकली.

तिनं वर बघितलं. "आधी आल्या होत्या का ताई इथं?"

"आली होती."

माझा आवाज इतका चढला की बाकावरची माणसं बघायला लागली. संताप संताप झाला होता नुसता. मी बाबांचा हात धरला आणि त्यांना बाकाकडे नेलं.

"काय झालं वं बाई?" बाबांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "या लोकायचा कॉम्प्युटर चांगला चालून राहिला."