आतोबांच्या कुत्र्याचं कोपर

काळजी करण्यात आमच्या आतोबांचा हात धरील असा माणूस अख्ख्या सोलापुरात नव्हता. माझ्या आत्याचे हे यजमान बार्शीला निघाले, की गाडी चुकेल म्हणून झुंजूमुंजू व्हायच्या आत स्टेशनवर जाऊन बसत. आणि गाडी आली, की घराला कुलूप घालायचं राहिलं या धास्तीने परत फिरत. आत्या घरातच आहे, हे ध्यानात यायला त्यांना निम्मी वाट सरावी लागे.

अशा माणसाने कुत्रं पाळू नये. पण मंगळवेढ्याकडच्या एका धनगराकडून त्यांनी वासराएवढा थोराड वाघ्या आणला, आणि हौसेने घातलेल्या शहाबादी फरशीवर तो दिवसभर धप्पकन अंग टाकू लागला. एका उन्हाळ्यात त्याच्या कोपराला लिंबाएवढी, डुबडुबणारी गाठ आली. आतोबांचं अन्न तुटलं. कुणी बिब्बा लावा म्हणे, कुणी डागा म्हणे. शेजारी तर दाभण घेऊनच आला. "हात लावून तर बगा!" म्हणत आतोबा कुत्र्याच्या आडवे आले. जनावरांच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. "आत नुसतं पाणी आहे. हाडाला दगड रुततो, म्हणून अंगाने आपली उशी केलीय. मऊ अंथरूण द्या, हळूहळू ओसरेल. फोडलीत आणि चिघळली, तर पाय जाईल."

आतोबांनी कोरी घोंगडी अंथरली. वाघ्याने ती हुंगली आणि शेजारी फरशीवर, त्याच कोपरावर बसला. तिच्यावर दुसरी घातली, तरी तेच. शिवाय मांजर तिकडे फिरकलं, की गुरगुरे. गाठ पेरूएवढी झाली. "पाय जातोय गं ह्याचा," म्हणताना आतोबांचे डोळे भरून येत. शेवटी आत्याच म्हणाली, "अवो, धनगराचं कुत्रं हाय ते. धनगर घोंगडी टाकून मेंढरांमागं जातो आन् हे ती राखत बसतंय. तिच्यावर निजंल व्हय? तुमी त्याला राखण दिलीया की!"

पगडी काढून आतोबा स्वतःच घोंगडीवर आडवे झाले. धनी आल्यावर राखण संपली. वाघ्या वर चढला आणि त्यांच्या पोटाशी टेकून झोपला. पण ते उठले की तोही उतरे. मग दुकान मुनिमावर टाकून आतोबा दुपारच्या दुपार जमिनीवर पडू लागले, रात्रीही तिथेच. पावसाळा सरता सरता गाठ बसली आणि आतोबांची पाठ धरली. आत्या खाटेवर निजायला सांगे, तर म्हणत, "आन् परत आली तर?"

आता आतोबा नाहीत. मी आजारी पडलो, की औषध आणणारे, डॉक्टरला बोलावणारे पुष्कळ असतात. शेजारी येऊन आडवं होणारं मात्र कुणी उरलं नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.