फुग्यावरचा बाण

आमचे सासरे कुठलीही वस्तू हातात आली की आधी हुंगायचे. दूध, वर्तमानपत्र, इस्त्रीहून आलेला सदरा, काहीही. लग्नाचं बोलायला मी पहिल्यांदा त्यांच्या काचीगुड्याच्या घरी गेले, तेव्हा नांदेडहून नेलेला पेढ्यांचा डबा त्यांनी नाकाजवळ धरला आणि विचारलं, "खवा कोणाकडचा?" मला माहीत नव्हतं. "माहीत नाही आणि खायला घालतेस?" असं म्हणून त्यांनी दोन पेढे खाल्ले.

आम्ही बौद्ध, ते देशस्थ. त्यांच्या नात्यागोत्यात बरीच कुजबुज झाली. बाबा, म्हणजे सासरे, त्यात पडले नाहीत. त्यांचा संशय सगळ्यांवर सारखा असे, त्यात जातपात नव्हती. माझ्यावर जेवढा, तेवढाच सख्ख्या भावावर. "बंद डब्याचा भरोसा मी देवाला पण देत नाही," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. दुसरं होतं, "मला शक येतो बाई." हे दुसरं ऐकलं की घरात सगळे गप्प बसायचे, कारण पुढचा तासभर काहीतरी उघडून बघितलं जाणार हे नक्की असायचं. ते जाऊन आता वर्ष होत आलं, आणि मीही अलीकडे दूध हुंगून घेते.

रेल्वेच्या डिझेल शेडमधून निवृत्त झाल्यावर ते शहराबाहेरच्या एका तलावावर जाऊ लागले. तिथे नौकाविहाराचा ठेका घेतलेल्या माणसाला इंजिनं बघणारं कोणीतरी हवं होतं. बाबांच्या ताब्यात मुख्य म्हणजे बचावाची बोट होती. कोणाची पॅडलची बोट वाऱ्याने भरकटली की हिने जाऊन ओढून आणायची. बाकीच्या बोटी बंद पडल्या तर लोक चिडतात. ही बंद पडली तर माणूस बुडतो, असं ते म्हणत. त्यामुळे तिच्या बाबतीत त्यांचा संशय नुसता उतू जायचा.

सगळा राग पेट्रोलच्या नळीवर. बोटीत टाकी सुटी ठेवलेली असते, तिच्यापासून मागच्या इंजिनापर्यंत रबरी नळी जाते आणि नळीच्या मध्ये मुठीत मावेल एवढा रबरी फुगा असतो. तो दाबत राहायचं. पेट्रोल चढलं की फुगा कडक होतो, मग इंजिनाची दोरी ओढायची. फुग्यावर एक बाण असतो, त्याचं तोंड इंजिनाकडे हवं. उलटा बसला तर कितीही दाबा, पेट्रोल पुढे सरकत नाही. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात, त्याने रबर फुगतं, असा त्यांचा दावा होता. म्हणून दर शनिवारी ते नळी काढून तिचे तुकडे सुटे करत, वाकवून, हुंगून बघत, पुन्हा जोडत आणि कोरडीच ठेवत. पेट्रोल भरायचं ते रविवारी सकाळी.

एका रविवारी ऐन गर्दीत फुगा कडकच होईना. एक कुटुंब पॅडलच्या बोटीत बसून पार बांधाच्या दगडांपाशी वाहत गेलं होतं. बोट चालवणाऱ्या यादगिरीने वल्ही मारत जाऊन त्यांना आणलं. बाबांनी नळी तपासली तर बाण उलटा. पुढच्या रविवारीही तेच. बाबांना शक आला तो यादगिरीचा. त्याला माझी जागा हवी आहे, म्हणून रात्रीतून फुगा फिरवतो, असं त्यांनी ठेकेदाराला सांगितलं. यादगिरी आईची शपथ घेऊन म्हणाला, "अम्मतोडु सार, मै हात भी नै लगाया." ठेकेदाराने बाबांचं ऐकलं. आणखी एकदा असं झालं तर यादगिरीने यायचं नाही.

त्या शनिवारी बाबा मला म्हणाले, "सुषमा, चल. मला साक्षीदार पाहिजे."

धक्क्यावर वर्तमानपत्र पसरून ते बसले. यादगिरी लांब लाइफ जॅकेटं धूत होता, पण त्याचं सगळं लक्ष आमच्याकडे होतं. "नीट बघ," बाबा मला सांगत होते, "बाण इंजिनाकडे. उद्या विचारलं तर सांगायचं, बाबांनी बरोबर लावली होती." बोलता बोलता त्यांनी नळीची टोकं फुग्यात सरकवली, क्लिपा आवळल्या आणि हात पुसले.

बाण टाकीकडे होता.

मला आधी माझ्याच डोळ्यांची शंका आली. मग मी म्हटलं, "बाबा, उलटं लागलंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग यादगिरीकडे. "तुला पण फोडलं का त्यानं?"

"दाबून तरी बघा."

त्यांनी नळी टाकीला लावली आणि दाबत राहिले. फुगा लिबलिबीतच. बाण कोणी वरून चिकटवलाय की काय, म्हणून त्यांनी त्यावर अंगठा घासून पाहिला. मग गुपचूप सगळं सोडवलं, पुन्हा जोडलं, या वेळी एक शब्द न बोलता. पुन्हा उलटं. त्यांनी स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. "तू लाव." मी लावल्यावर मात्र फुगा कडक झाला आणि इंजिन पहिल्याच ओढीला सुरू झालं. बाबांनी ते लगेच बंद केलं.

ते उठून यादगिरीपाशी गेले. "यादगिरी, मै उल्टा लगा रहा था. तेरेकू मालूम था?"

"हौ सार. एक बार देखा मै."

"फिर बोला कायकू नै?"

"बोलता तो आप मेरेपेच शक करते सार."

बाबा तसेच ठेकेदाराकडे गेले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "गलती मेरी है. इसकू रखो, मेरेकू छोडो." ठेकेदार राहा म्हणत होता, बाबांनी ऐकलं नाही. ज्याच्यावर शक आहे त्याच्या हातात ही बोट द्यायची नाही, एवढंच म्हणाले.

स्कूटरवर ते माझ्या मागे बसले. अंबरपेठच्या सिग्नलला गाडी थांबली. तेव्हा ते कानाशी म्हणाले, "घरात अजून काय काय उलटं केलंय मी?"

कधीच्या गेलेल्या सासूबाईंसाठी परवाच त्यांनी मला चहा ठेवायला सांगितला होता. मी ठेवलाही होता. नातवाला ते दोनदा स्वतःच्या भावाच्या नावाने हाक मारून बसले होते. नवऱ्याला मी यातलं काही सांगितलं नव्हतं.

"काही नाही बाबा," मी म्हटलं. "एवढंच."

सिग्नल सुटला. थोडं पुढे गेल्यावर ते शांतपणे म्हणाले, "खोटं बोलतेस."

मला गाडी कडेला घ्यावी लागली. डोळ्यांपुढे रस्ता दिसेना.