आलमारी गुळगुळीत का होत नाही

आमच्या शॉपमधले किस्से सांगायला बसलो की बायको म्हणते, "हळू बोला नं, शेजारी ऐकून राह्यले." ऐकू दे! वर्षभर तोंड दाबून गिळतो, म्हणून तर एवढे साचलेत.

शॉप चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावात, राईस मिलच्या भिंतीला लागून. लग्नात आंदणाला देतात त्या लोखंडी आलमाऱ्या आम्ही रंगवतो. ब्रशनं नाही. पिठासारखी कोरडी पावडर गनमधून उडवायची, ती करंटनं लोखंडाला चिकटते आणि मग भट्टीत वितळून पक्की होते. भट्टीआधी वर जे बसलं, ते जन्मभर बसलं!

मी सुपरवायझर, गनवर डोमाजीभाऊ, रंगाआधीच्या धुलाईवर वेणूबाई. आणि आमच्या डोक्यावर शेठ. कुरखेड्याच्या शकुंतलाबाईंच्या फर्निचर दुकानातून एक लॉट वापस आला, तेव्हापासून शेठचं एकच पालुपद, "आता एक बी आलमारी वापस आली तं लाईन बंद. तुम्ही तिघं घरी!" माल कोण बिघडवतं, ते ऐका.

* * *

डोमाजीभाऊ एकसारखा पातळ हात मारतात. शेठला ते कंजूषपणाचं वाटतं.

"पतला काऊन मारून राह्यला? दाबून मार, मजबूत होईल!"

"शेठ, जास्त झाली तं साल येते."

"मालक कोण, तू का मी?"

आलमारी भट्टीतून निघाली ती संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत. पोंभुर्ण्याचं गिऱ्हाईक लेकीची आलमारी न्यायला आलेलं. त्यानं दारावरून तळवा फिरवला. "शेठ, हे आलमारी हाय का संत्रं?"

शेठची पापणी लवली नाही. "नागपुरी फिनिश हाय. नवीनच आलं!"

गिऱ्हाईक न घेताच गेलं. आम्ही पॉलिशपेपरनं घासून घासून साल उतरवली, पातळ हात मारून पुन्हा भाजली. गुळगुळीत दार पाहून शेठ मलाच म्हणतात, "पयलेच असं काऊन नाई करत?"

* * *

मे महिन्यात अवकाळी पाऊस आला, छत गळलं आणि पावडरच्या खोक्यात ओल शिरली. गन गोळे थुंकायला लागली. मी शेठला बजावलं, "ओली तेवढी फेका, बाकीची थंड खोलीत झाकून ठेवा." आणि गनचं नोझल आणायला चंद्रपूरला गेलो.

परत येऊन पाहतो तर अंगणात ताडपत्री, तिच्यावर सगळी पावडर पसरलेली, आणि शेठ धान वाळवतात तसे पायानं ती खालीवर करताहेत. आमच्याकडचं मे महिन्याचं ऊन! पावडर मऊ होऊन तिची ढेकळं झालेली.

मी टोपी काढून जमिनीवर आपटली. शेठ शांतपणे एक ढेकूळ उचलून म्हणाले, "तापतं काऊन एवढा? बाजूच्या मिलमधून दळून आणू नं!"

* * *

त्याच मिलचा कोंडा उडतो. म्हणून गन चालू असताना आम्ही शटर लावतो, जमिनीवर पाणी मारतो. शेठ आले, "गरम होऊन राह्यलं!" म्हणाले आणि शटर वर केलं. दारांवर रव्यासारखे दाणे बसले, ते तसेच भाजले गेले.

शेठ तरातरा मिलवाल्याशी भांडायला गेले. मिलवाला मूठभर तांदूळ घेऊन बाहेरच आला. "बरं झालं आले. तुमचा निळा रंग माह्या तांदळावर येऊन राह्यला!"

परत आल्यावर शेठ कोणावर ओरडले असतील? माझ्यावर. "शटर उघडं कोणं ठेवलं?"

* * *

हिवाळ्यात दारांवर बारीक बारीक खड्डे पडायला लागले. असे खड्डे म्हणजे कुठून तरी तेल येतंय. मी कॉम्प्रेसर खोलला, फिल्टर बदलले, काहीच नाही. शेवटी दिसलं की वेणूबाई हाताला मोहाच्या बियांचं तेल चोळून आलमाऱ्या धरते. मी भडकलो, शेठ तर नाचायलाच लागले. "चाल, घरी जा!"

तिनं भेगा पडलेले तळवे समोर धरले. "धुलाईच्या पाण्यानं हात फुटते शेठ. हातमोजे कवाच्या मांगून राह्यली मी?"

माझी मान खाली गेली. शेठची नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी हातमोजे आणले. एक जोडी. "डावा तू घाल, उजवा डोमाले दे!"

त्या दिवशी मी जेवलो नाही, इतका संताप आला होता. हातमोजे मग मीच आणले.

* * *

शकुंतलाबाईंच्या पुढच्या लॉटची ऑर्डर आली. हा वापस आला की लाईन बंद. वेणूबाईनं धुलाई दोनदा केली. शटर लावलं, पाणी मारलं, डोमाजीभाऊंनी श्वास रोखून पातळ हात मारला. मोतिया रंगाच्या आलमाऱ्या कोऱ्या, भट्टीत जायला तयार. आम्ही डबा खायला गेलो.

आलो तर भट्टी चालू. शेठ म्हणाले, "मीच ढकलल्या आत. मुहूर्त टळून राह्यला होता."

भट्टीचं दार उघडून पाहतो तर काय! प्रत्येक आलमारीवर हळदी-कुंकवाची पाच बोटं! पावडर पुसून उमटलेली, हळद तपकिरी, कुंकू काळसर, पक्की भाजलेली. एवढ्यात बाईंचा टेम्पो आत शिरला. घासायलाही वेळ नाही.

बाई पहिल्याच आलमारीपुढे थांबल्या. "हे बोटं कोणाचे?"

शेठनं लगेच माझ्याकडे बोट केलं. "याचे! भाजाच्या आंधी हात लावू नको म्हणून किती सांगतलं याले!"

वेणूबाई रडायला लागली.

बाईंनी पदरानं ती बोटं घासली. पुन्हा घासली. "लोकं आलमारी घरी नेऊन पयले हळदीचे बोटंच लावते. चार दिवसांत पुसून जाते. हे तं पुसतच नाई! पुढच्या साऱ्या अशाच पायजेत मले." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, हात चांगला हाय तुमचा."

शेठ आमच्या दोघांच्या मध्ये घुसले आणि बाईंच्या नाकासमोर पंजा पसरला. "बाई, बोटं माहे हायेत!"