ओडेलाचा चरा

आमच्या पीचच्या गावात व्हर्लन टॅडलॉकइतका हट्टी माणूस दुसरा नव्हता. मी त्याचा शेजारी, त्यामुळे हे शपथेवर सांगतो. पॅकिंग शेडमध्ये त्याने चाळीस वर्षं फळं निवडली. नुसतं बोट लावून कुठलं पीच उद्या सडेल ते सांगायचा. पण जीव जडला होता तो एकाच रेकॉर्डवर, 'कॉटन जिन रोड'. आमच्याच जॉर्जियातल्या पोरांनी त्र्याहत्तर साली काढलेली. तीन गिटारी, दोन ड्रमवाले, आणि एक गाणं तर अख्खी बाजू खाऊन बसलेलं.

रेकॉर्ड आणली त्याच आठवड्यात त्याची बायको ओडेला त्या गाण्यावर नाचता नाचता टेबलावर आदळली. सुई घसरली, चरा पडला. तेव्हापासून त्या गाण्याच्या मधली ती नावाजलेली, शब्दांविना वाजणारी लांबलचक गिटार सुरू होते न होते तोच सुई टुणकन उडी मारायची ती थेट शेवटच्या कडव्यावर.

"नवी आणून देते तुला," ओडेला दरवर्षी म्हणायची.

"कशाला गं? त्या गिटारीला काय सोनं लागलंय?"

पण ट्रकच्या रेडिओवर ते गाणं लागलं की हा पठ्ठ्या मधेच बंद करायचा. म्हणे, स्टेशन खरखरतंय. एकदा मी छेडलंच, "खोटारड्या, कान तपासून घे."

तर म्हणाला, "ऐकलं आणि आवडलं, तर घरी तिला तोंड कसं दाखवू? तिला लगेच कळतं."

शेवटचं पीच ट्रकमध्ये चढलं, की येणाऱ्या शनिवारी दुपारी आम्ही सगळे खुर्च्या घेऊन त्याच्या अंगणात. तळलेला कॅटफिश, उकडलेल्या शेंगा, गोड गार चहा. सुईने उडी मारली की सगळं अंगण ओरडायचं, "ओडेलाऽऽ!" ती एप्रनने तोंड झाकायची. पंचेचाळीस वर्षं हे चाललं.

मग एका जानेवारीत ओडेला गेली. यंदा कुणी येऊ नका, असं व्हर्लनने सांगून टाकलं. पण मुलगी टॅमरा बापाच्या वरताण. ऑगस्टमध्ये ती तीच रेकॉर्ड नवीकोरी घेऊन आली.

"डॅडी, ही लावू."

"तुझ्या आईशी बेइमानी होईल ती."

"आईनेच सांगितलंय. जायच्या आदल्या दिवशी. म्हणाली, माझ्यामुळे राहून गेलेलं त्याला एकदा ऐकू दे."

शनिवारी आम्ही सगळे खुर्च्या घेऊन गेलोच, आणि व्हर्लननेच सुई ठेवली.

ती जागा आली आणि सवयीने आम्ही सगळे ओरडलो, "ओडेलाऽऽ!"

गिटार थांबली नाही. ती चढत गेली, उतरली, पुन्हा चढली. मी ती शंभरदा ऐकलेली, पण त्या दिवशी मान वर करायची हिंमत होईना. शेवटी तिरक्या नजरेने पाहिलं, तर व्हर्लनने खुर्चीचे हात घट्ट धरले होते आणि त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

गाणं संपलं. टॅमराने हळूच विचारलं, "कसं वाटलं, डॅडी?"

त्याने बाहीने तोंड पुसलं आणि आमच्यापैकी कुणाकडेही न बघता म्हणाला, "काही विशेष नव्हतं गं, ओडेला. उगाच इतकी वर्षं मनाला लावून घेतलंस."